टोळधाड निरंक

त्यांची वीत बरोबर नऊ इंचांची होती. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि मी हसलो म्हणून माझ्याच लाकडी पट्टीवर हात पसरून दाखवलं. अंगठा एका टोकाला, करंगळी नवाच्या रेघेवर. "तुयी पट्टी एखांद्या वक्ती खोटी निंगन," ते म्हणाले, "हे नाही निंगत."

त्यांचं नाव लिहीत नाही. कचेरीत त्यांना कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना दप्तरी म्हणत, कारण अकोल्यातल्या आमच्या त्या कचेरीचा दप्तरखाना त्यांच्या ताब्यात होता. कोणती कचेरी, तेही विचारू नका. तिथली बरीच माणसं अजून नोकरीत आहेत.

मी पत्रकांवर वाढलो. आमच्या घराच्या कुडातून वारा येऊ नये म्हणून बाप सभेतून आणलेली पत्रकं खळीनं चिकटवायचा, आणि मी अक्षरं त्याच भिंतीवर शिकलो. मी पूर्ण वाचलेला पहिला शब्द 'जाहीर' हा होता. असा माणूस सरकारी कारकून झाला तर जे व्हायचं तेच झालं. कचेरीत शिपायांसाठी पाण्याचा वेगळा माठ होता. त्यावर मी एक निनावी पत्रक काढलं. बडे बाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, ते दोनदा वाचलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ही भाषा आपल्याच टेबलावरची दिसते." आठ दिवसांत माठ एकच झाला आणि माझी बदली दप्तरखान्यात झाली. सौदा मला महाग वाटला नाही.

दप्तरखाना म्हणजे एक लांब दगडी खोली, सागवानी फळ्यांच्या उंच मांडण्या, आणि त्यांवर कापडात बांधलेले कागदांचे बस्ते. हंगामात जवळच्या जिनिंगमधला कापूस उडून खिडकीच्या जाळीला चिकटायचा आणि खोलीत दुपारीच संध्याकाळ व्हायची. त्या उजेडात दप्तरी धोतर खोचून, चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधून फिरत असायचे.

ते मूळचे रिद्धपूरकडचे, महानुभाव. त्यांच्या घराण्यात पोथ्या नकलून काढायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. समोर कुणीही आलं की ते हात जोडून "दंडवत" म्हणत. साहेब आले, दंडवत. झाडूवाली आली, दंडवत. दोन्ही वेळा मान सारखीच खाली जायची; मी मुद्दाम पाहिलं होतं. मी समतेवर तीन पत्रकं लिहिली होती, पण झाडूवालीला नमस्कार केल्याचं मला आठवेना. त्या दिवशी मी जरा कमी बोललो.

त्यांचे नियम कडक होते. थुंकी लावून पान उलटायचं नाही. एका वकिलाच्या कारकुनानं तसं केलं, तर त्यांनी त्याच्या पुढ्यात वाटीभर पाणी ठेवलं आणि म्हणाले, "आंघोळ कर आधी, मंग पान उलट." भाकर खायची ती व्हरांड्यात, आणि खाल्ल्यावर हात राखेनं घासायचे. ठेच्याचं तेल कागदाला लागलं तर तो कागद पुढची शंभर वर्षं तिखट राहतो, असं ते अगदी गंभीरपणे सांगत. मला ते पत्रकवाले म्हणत. "काय गा पत्रकवाले, आज कोनावर कोपले?" ही माझी रोजची सलामी.

आणि एक गोष्ट ते सारखी म्हणत: "कागद आपल्या पायानं येत नाही. कोनीतरी त्याले रोज धाडून राह्यलं असते. त्या कोनीले पाह्य."

मला तेव्हा हे वाक्य म्हातारपणाचं वाटलं.

मी गेलो तेव्हा खोली भरत आली होती, आणि पुढच्या कापसापर्यंत ती तुडुंब भरली. मांडण्यांवर बस्ते दुहेरी रचले, मग जमिनीवर रचले, मग दार अर्धंच उघडायला लागलं आणि आम्ही आडवे होऊन आत शिरू लागलो. नवे कागद घ्यायला जागा नव्हती. टेबलांवर ढीग साचले, आणि नक्कल मागायला आलेल्या माणसांना "जागा नाही, नंतर या" असं सांगून परत पाठवणं सुरू झालं. जागेचा आणि नकलेचा काय संबंध, हे त्या बिचाऱ्यांना कळत नसे. संबंध साधा होता. वरचे बस्ते ठेवायला जागा असल्याशिवाय खालचा बस्ता काढता येत नव्हता.

एका सोमवारी साहेबांचा हुकूम आला: स्वातंत्र्यापूर्वीचं सगळं दप्तर शनिवार संध्याकाळपर्यंत रद्दीत काढावं. साहेब देशावरचे, नवे, आणि कामाला वाघ होते.

मला तो हुकूम फार आवडला. गुलामीचे कागद. राणीचे आणि राजाचे शिक्के. हे जपून ठेवायचंच कशाला? मी लगेच धोतर कसलं, दाराजवळचे अकरा बस्ते व्हरांड्यात नेऊन टाकले आणि रद्दीवाल्याला निरोप धाडला की व्हरांड्यातलं सगळं तुझं. त्यातला एक बस्ता चक्क जुन्या लुगड्यात बांधला होता. जांभळ्या काठाचं लुगडं. "इंग्रजाचं राज्य लुगड्यात गुंडाळलेलं आहे बघा," असं म्हणून मी तो जरा लांबूनच फेकला.

दप्तरी दारात उभे राहून पाहत होते. "पत्रकवाले," ते म्हणाले, "तुले दिसते तो शिक्का. खालचं कोनी वाचावं?"

माझ्या मनात त्यांच्यावरच एक पत्रक तयार होत होतं.

मंगळवारी एक म्हातारा आणि त्याची मुलगी आली. अकोट रस्त्यावरच्या एका गावचा तो जुना कोतवाल. वाकलेला, पण आवाज दवंडीचा. मुलीचं नाव कमल. त्यानं जयभीम घातला. मी जयभीम म्हटलं, दप्तरींनी दंडवत घातला, आणि म्हातारा गोंधळून पुन्हा एकदा जयभीम म्हणाला.

गोष्ट अशी होती. कमलला अमरावतीच्या दवाखान्यात नर्सच्या शिक्षणाला जायचं होतं. अठरा वर्षं पूर्ण लागत होती. ती होती अठराच्या वर, पण गावच्या मास्तरांनी शाळेत नाव घालताना तिच्या उंचीवरून तारीख ठरवली होती, आणि लहानपणी ती फार बुटकी होती. शाळेच्या दाखल्यावर ती सोळा वर्षांची निघाली. खरी तारीख होती कोतवाल बुकात, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूच्या वहीत. त्या नोंदीची नक्कल सोमवारी अमरावतीला पोचली नाही, तर जागा दुसरीला जाणार होती.

"पुढच्या वर्षी जा," मी म्हणालो.

"पुढच्या वर्षी मामाच्या पोराशी लगन ठरवतील," कमल म्हणाली. "तो चांगला हाय. पन त्याले नर्स नाही पायजे, बायको पायजे."

"कोन्या साली झाली?" दप्तरींनी विचारलं.

"लढाई चालू होती," म्हातारा म्हणाला. "वेचनी चालू होती. ते बुक मीच डोक्यावर इथं आनून देल्लं. पाटील लिवे, मी वाहे. आता तेच बुक मले नाही म्हनते."

लढाईच्या काळातलं, दुसऱ्या महायुद्धातलं बुक. म्हणजे साहेबांच्या हुकुमातलं. शनिवारी रद्दीत जायचं ते. मी अचानक इंग्रजांच्या कागदांच्या बाजूचा झालो, आणि ते कबूल करायची लाज वाटल्यामुळे जास्तच तापलो. साहेबांच्या दारात उपोषणाला बसतो म्हणालो. मजकूरही सुचला होता.

"बसजो," दप्तरी म्हणाले. "पन आधी मोज."

सूचीप्रमाणे ते बुक चौथ्या मांडणीवर असायला हवं होतं. चौथ्या मांडणीपुढे छातीइतका ढीग होता. मी तो उपसायला लागलो तर त्यांनी माझा हात धरला. एका बाजूचं उपसून दुसऱ्या बाजूला टाकलं तर शनिवारपर्यंत आपण फक्त ढिगाची जागा बदलू, एवढंच म्हणाले. मग खिशातून खडू काढला आणि पहिल्या मांडणीपासून वीत टाकायला सुरुवात केली. एक फळी, इतक्या विती. खडूनं भिंतीवर आकडा. दुसरी फळी, पुन्हा आकडा. कसले कागद, तेवढंच पुढे लिहायचं. बस्ता सोडायचा नाही, वाचायचा नाही.

दोन दिवस हा माणूस वीत टाकत होता आणि मी दात खात होतो. कमल बापाबरोबर रोज येऊन दाराशी बसायची. दुसऱ्या दिवशी ती दप्तरींना म्हणाली, "बाबा, तुमी सांगा, मी लिवते," आणि खडू तिच्या हातात गेला. बाहेरच्या माणसाला आत यायची बंदी होती, म्हणून ती उंबऱ्यावर उभी राहून दाराच्या फळीवर आकडे लिहायची.

गुरुवारी दुपारी बेरीज झाली. सगळी खोली मिळून एकशे नव्वद विती. जमीन, पिकं, गावनकाशे, कोतवाल बुकं, सगळ्या गावांचं सगळं मिळून एकशे चौतीस. आणि मागच्या भिंतीला लागून, जिथे कुणी जात नसे, तिथे एकाच नावाचे कागद छप्पन्न विती.

"टोळधाड," कमलनं दाराच्या फळीवरून वाचलं.

मी एक बस्ता सोडला. प्रत्येक कागदावर तारीख, गावांच्या एका मंडळाचं नाव आणि दोनच शब्द होते: टोळधाड निरंक. म्हणजे, टोळ आले नाहीत. दुसरा कागद, दुसरं मंडळ, टोळधाड निरंक. तिसरा, टोळधाड निरंक. सहा मंडळं, रोज, तीन-तीन प्रतींत. लढाईच्या काळात कधीतरी टोळांची भीती होती, तेव्हा कुणीतरी रोज कळवा म्हणालं होतं. टोळ आले नाहीत. लढाई संपली, इंग्रज गेला, राज्य दोनदा बदललं, आणि टोळ आले नसल्याचे अठरा कागद रोज सकाळी इमानानं येत राहिले.

मी खूप हसलो. मग म्हणालो, "चला, आधी हेच फेकू."

"फेकता येत नाही," दप्तरी म्हणाले. "चालू हाय."

हाच खरा गमतीचा भाग. साहेबांच्या हुकुमानं कोतवाल बुक जाऊ शकत होतं, कारण ते जुनं आणि बंद होतं. टोळधाड मात्र चालू फाइल. चालू फाइलीचा एक कागदही रद्दीत काढायचा नाही, असा नियम. ती बंद करायची तर जिच्यामुळे ती सुरू झाली तो मूळ हुकूम साहेबांपुढे ठेवायला हवा. आणि मूळ हुकूम बस्त्यात नव्हता.

दप्तरींनी सूचीची जुनी वही काढली. बोट न लावता, पोस्टकार्डाची कड लावून ओळ शोधली. मूळ हुकूम: बडे बाबूंच्या टेबलावर. तारीख लढाईच्या काळातली. परत आल्याची सही नाही.

"आताचे बडे बाबू तेव्हा शाळेत असतील," मी म्हणालो.

"बडे बाबू तीन झाले," दप्तरी म्हणाले. "खुर्ची तीच हाय."

ते तडक निघाले. मी मागे, माझ्यामागे कमल, आणि तिच्यामागे म्हातारा. बडे बाबू उंचीनं कमी होते आणि टेबल इंग्रजाच्या मापाचं होतं. ते नेहमी गादीवर बसत, आणि गादीखालून पुठ्ठ्याची एक कड डोकावत होती. दप्तरींनी हात जोडले.

"दंडवत. एक डाव उभे राहता का?"

"कशाला?"

"तुमच्या खाली टोळधाड हाय."

बडे बाबू उभे राहायच्या आधी जरा उडालेच. गादी उचलली. खाली एक जाड पुठ्ठ्याची फाइल होती, तीन बड्या बाबूंच्या बैठकीनं मधोमध खोलगट झालेली. आत एकच कागद: टोळधाडीबाबत पुढील हुकूम होईपर्यंत रोज कळवीत जावे. पुढील हुकूम कुणी काढलाच नव्हता, कारण हा हुकूम कुणाला दिसत नव्हता.

"ती मी आलो तेव्हापासून तिथंच होती," बडे बाबू म्हणाले. "मला वाटलं, खुर्चीचाच भाग आहे."

"तुमचा दोष नाही," दप्तरी म्हणाले. "बसनाऱ्याले खालचं दिसत नाही." आणि त्यांनी आपल्या खांद्यावरचं उपरणं घडी करून गादीखाली ठेवलं, म्हणजे उंची कमी पडू नये.

शुक्रवारी साहेबांपुढे मीही होतो.

"सायेब, टोळ येऊन राह्यले का?" दप्तरींनी विचारलं.

"काय म्हणता?"

"नाही येऊन राह्यले. असं आपल्याले रोज अठरा कागद सांगतात. छप्पन्न वीत झालं सांगून." त्यांनी फाइल पुढे ठेवली. "हे बंद करा, मी छप्पन्न वीत जागा देतो. मंग बाकीचं जुनं राहू द्या. त्यात लोकायचे जन्म हायेत."

साहेबांनी हुकूम वाचला, खोलगट पुठ्ठ्याकडे पाहिलं, एकदा बड्या बाबूंच्या टेबलाकडे पाहिलं आणि तोंडावर रुमाल धरला. खोकले असतील. "मला जागा हवी आहे," ते म्हणाले. "कोणते कागद ठेवायचे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं." आणि सही केली.

शनिवारी सकाळपासून आम्ही टोळधाड बाहेर काढली. शिपाई, मी, म्हातारा, सगळे. दुपारपर्यंत मागची भिंत दिसली. मग चौथ्या मांडणीवरचे आणि जमिनीवरचे बस्ते गाववार मांडले. अकोट रस्त्याकडची सगळी गावं लागली. कमलचं गाव नाही. पुन्हा पाहिलं. नाही. चार वाजले होते. कमल उंबऱ्यावर बसून पायाच्या अंगठ्यानं खडूचा तुकडा चिरडत होती. बाप म्हणाला, "मामाचं पोरगं चांगलं हाय, माय."

दप्तरी म्हाताऱ्याजवळ उकिडवे बसले. "बाप्पा, ते बुक आनलं तवा बांधलं कशात होतं?"

"कशात बांधीन? पाटील फडकं दे नाही. हिच्या मायचं लुगडं फाडलं. जांभया काठाचं होतं."

मी दारातून बाहेर पाहिलं. व्हरांडा रिकामा होता. टोळधाड न्यायला आलेल्या रद्दीवाल्यानं सोमवारच्या निरोपाप्रमाणे माझे अकरा बस्तेही गाडीत घातले होते, आणि गाडी फाटकातून वळत होती.

मी आयुष्यात मोर्च्यात बराच धावलो आहे, पण तसा कधी धावलो नाही. गाडीवर चढलो, टोळधाडीत खांद्यापर्यंत हात घातला आणि तळातून लुगडं ओढून काढलं. परत आलो तेव्हा सगळे पाहत होते. मी म्हणालो, "मीच टाकलं होतं." दप्तरी म्हणाले, "मालूम हाय. हात धुवून ये."

नोंद पाटलाच्या अक्षरात होती. तारीख. बापाचं नाव. बाळाच्या नावाच्या जागी नुसतं 'मुलगी'. आणि शेवटच्या रकान्यात, खबर देणार: कोतवाल, अंगठा. म्हाताऱ्यानं आपला अंगठा त्या अंगठ्याशेजारी धरून पाहिला. कमल मात्र लुगड्याच्या काठाकडेच पाहत होती. दप्तरींनी गाठ सोडून ते तिला दिलं आणि बुक आपल्या दुसऱ्या, कोऱ्या उपरण्यात बांधलं. वय अठरा वर्षं तीन महिने भरलं. नक्कल मी लिहिली, त्यांनी ताडली, साहेबांनी थांबून सही केली. सोमवारी ती अमरावतीला पोचली.

मी दप्तरींवरचं ते पत्रक काही लिहिलं नाही. दुसरं लिहिलं, कोतवाल बुकांबद्दल, की ज्यांनी ती डोक्यावर वाहिली त्यांना ती फुकट दाखवा. ते त्यांनी वाचलं, एक वेलांटी दुरुस्त केली आणि विचारलं, "किती प्रती काढल्या?" पाचशे म्हणालो. "वाटजो सगळ्या," ते म्हणाले. "घरी ठेवशीन तर वीतभर जागा खाईन."

मागच्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, अमरावतीला. मी भेटायला गेलो तर डोळ्यांवर पट्टी, आणि खाटेशी पांढऱ्या कपड्यात कमल सिस्टर त्यांचा कागद भरत होती. नाव झालं, गाव झालं.

"जन्मतारीख?" तिनं विचारलं.

"निरंक."

"बाबा, माझी शोधली तुमी."

"तुया बापानं खबर देल्ली होती. मायी कोनी देल्लीच नाही. शोधू कुठं?"

ती हसली आणि तिनं खरोखरच निरंक लिहिलं. "मले सवय हाय," ती म्हणाली. "इथं रोज सकायी एक मोठा कागद भरतो आमी. सगया रकान्यात निरंक. काहून भरतो ते मोठ्या सिस्टरलेही माहीत नाही."

पट्टीखाली त्यांच्या कपाळाला आठी पडली. हात चाचपडत शेजारच्या कपाटावर गेला, अंगठा एका कडेला टेकला, करंगळी पसरली.

"माय," ते म्हणाले, "तुया मोठ्या सिस्टरले एक डाव खुर्चीवरून उठाले सांग."